कोरड्या देशावरचे नेचे

रांजणगावचे नाव निघाले की लोकांना महागणपती आठवतो. आणि १९९० नंतर ज्यांचे नगर रस्त्याने जाणेयेणे झाले त्यांना औद्योगिक वसाहत आठवते. नेचा मात्र कोणालाही आठवत नाही, आणि त्यात नवल नाही. रोपवाटिकेत आज ज्याला सरसकट ‘फर्न’ म्हणतात तो हा नेचा म्हणजे धुक्याचा आणि ओल्या सावलीचा रहिवासी. भीमाशंकरच्या रानापासून रांजणगाव सरळ रेषेत मोजले तर ऐंशी किलोमीटरांच्या आसपास भरेल. परंतु भीमाशंकरला जो पाऊस पडतो त्याचा पाचवा हिस्सासुद्धा शिरूर तालुक्याच्या वाट्याला येत नाही. चैत्रवैशाखात तर दुपारची हवा अशी असते की वाळत घातलेले धोतर घडीभरात कडक होते. अशा गावी मोठ्या पानांच्या, उष्ण कटिबंधातील नेच्यांना घरात कसे जगवावे आणि ते घरात आले कसे, याचा इतिहास सांगत बसणे हा एक प्रकारचा विनोद आहे, असे कोणी म्हणेल.

आम्हांस तसे वाटत नाही. कोकणातल्या माणसाला नेचा जगविण्याची विद्या शिकावी लागत नाही. त्याच्या परसातल्या भिंतीवर तो न विचारता उगवतो. विद्या लागते ती कोरड्या मुलखात. घरातल्या नेच्याचा सारा इतिहास पाहिला तर तो झाडांचा कमी आणि हवेचा अधिक आहे. ओली हवा एका जागी कशी अडवून धरावी, हा एकच प्रश्न माणसाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या युक्त्यांनी सोडविला, आणि प्रत्येक युक्तीबरोबर नेचा रानातून घराच्या एक पाऊल जवळ आला. यातली एक युक्ती देशावरच्या लोकांना फार पूर्वीपासून घडवता येत होती. तिचा उपयोग नेच्यासाठी होतो आहे हे मात्र त्यांच्या गावी नव्हते.

ती युक्ती म्हणजे विहीर. शिरूर, दौंड, पारनेर या बाजूला एखादी जुनी दगडी विहीर किंवा पायऱ्यांची बारव पाहावी. वर माळ करपलेला असतो, बाभळीखेरीज हिरवे काही दिसत नाही. परंतु दहा पायऱ्या उतरून आत गेले की चिऱ्यांच्या सांध्यांतून काळ्या, तारेसारख्या बारीक देठांची आणि नाजूक पानांची झुबके लोंबताना दिसतात. हा हंसराज. काही विहिरींत त्याच्या जोडीला लांबट पात्यांचा टेरिस नावाचा दुसरा नेचाही असतो. वैद्य-हकिमांना हंसराज खोकल्यावरचे औषध म्हणून ठाऊक होता. बाकीच्यांना तो विहिरीचा ‘पाला’ होता. हंसराजाचे बीज एवढे सूक्ष्म की ते वाऱ्याबरोबर शेकडो कोस जाते. ते माळावर पडते, छपरावर पडते, देवळाच्या शिखरावर पडते आणि मरते. विहिरीत पडते तेवढेच जगते. कारण तिथे खाली पाणी आहे, वर ऊन पोचत नाही आणि वारा आत शिरत नाही. नेच्याला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी ज्या एका जागी आहेत ती कोरड्या देशावरची जागा विहीरच आहे.

नेच्याला एवढा ओलावा का लागतो, हे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सारे निराधार राहील. नेच्याला फूल नाही, म्हणून फळ नाही आणि खरे बीही नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या रूपात बीजुकांचे पुंजके येतात. (रोपवाटिकेतून नवा नेचा आणलेली पुष्कळ मंडळी हे ठिपके पाहून रोग पडला म्हणून औषध फवारतात, आणि नेच्याची कोवळी पाने कीटकनाशक सोसत नसल्यामुळे झाड खरेच आजारी पडते.) बीजुक ओल्या जागी पडले की त्यापासून थेट नेचा होत नाही. आधी नखाएवढी, बदामाच्या आकाराची एक हिरवी पापडी जमिनीशी चिकटून वाढते. तिच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत मादीपर्यंत जाते. तेवढे पाणी नसेल तर पुढची पिढी नाही. हा दोन पिढ्यांचा फेरा जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टर याने १८५१ साली सविस्तर मांडला. त्याआधी युरोपातले लोक नेच्याचे बी दिसत नाही म्हणून असे मानीत की ते अदृश्यच असते, आणि ज्याच्या खिशात ते पडेल तो माणूसही अदृश्य होतो! शिवाय फुलझाडांची पाने कोरडा वारा सुटला की आपली रंध्रे जितक्या चपळाईने मिटून घेतात तितकी नेच्याला साधत नाही. म्हणून मुळाशी पाणी असूनही नुसत्या कोरड्या हवेने त्याची टोके करपतात. कुंडीत पाणी तुडुंब, आणि झाड तहानेने मरते आहे, असा हा प्रकार आहे.

आता घराकडे वळू. आमच्या जुन्या घरांत झाडाला जागा नव्हती असे नाही. पण ती अंगणात किंवा परसात होती. तुळस वृंदावनात, पारिजातक कुंपणाशी, अळू मोरीच्या पाण्यावर, केळ आडाच्या काठी. पुण्याच्या हिराबाग-सारसबागांसारख्या पेशवेकालीन बागाही फुलासाठी, फळासाठी आणि सावलीसाठी होत्या. ज्याला फूल नाही, फळ नाही, वास नाही, जे देवाला वाहता येत नाही आणि पानात वाढता येत नाही, असे झाड मुद्दाम लावावे आणि तेही माजघरात आणून ठेवावे, ही कल्पना आमच्या रीतीत बसणारी नव्हती. केवळ पानाच्या घडणीसाठी झाड पाळणे ही आवड बाहेरून आली. ती कशी आली हे पाहण्यासाठी आपल्याला थोडा वेळ लंडनला जावे लागेल.

लंडनच्या गोदीजवळ, दगडी कोळशाच्या धुराने कोंदलेल्या वस्तीत, नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचा डॉक्टर राहात असे. घरामागच्या खडकाळ वाफ्यात नेचे लावण्याचा त्याचा हव्यास होता आणि धुरामुळे ते दरवेळी मरत. १८२९ साली त्याने पतंगाचा एक कोश ओल्या मातीत पुरून झाकणाच्या बाटलीत ठेवला. पतंग केव्हा बाहेर पडतो हे त्याला पाहायचे होते. पाहताना त्याला दिसले ते निराळेच. दिवसा मातीतली वाफ काचेवर जमे आणि रात्री पुन्हा मातीत उतरे. आणि कोणी पाणी न घालता त्या मातीतून एक गवताचे पाते आणि एक नेचा वर आला. बाहेर जो नेचा हजार खटपटी करून जगत नव्हता तो बाटलीत आपोआप जगला. वॉर्डने लाकडी चौकटीच्या काचपेट्या करविल्या. १८३३ साली अशा दोन पेट्यांत नेचे आणि गवते भरून त्याने त्या गलबतावरून सिडनीला पाठविल्या. झाडे जिवंत पोचली. १८३४ च्या फेब्रुवारीत त्याच पेट्या ऑस्ट्रेलियातली झाडे भरून परत निघाल्या. केप हॉर्नचा बर्फ आणि विषुववृत्ताचे ऊन दोन्ही सोसून आल्या, आणि आतला नाजूक ऑस्ट्रेलियन नेचा हिरवा होता. हॅक्नी येथील लॉडिजिस या मोठ्या रोपवाटिकेच्या मालकाने पुढे हिशेब सांगितला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: पूर्वी समुद्रप्रवासात वीस झाडांतली एकोणीस मरत, आता वीसातली एकोणीस जगतात.

ही काचपेटी म्हणजे दुसरे काय? उचलून नेता येणारी विहीरच. खाली ओल, चोहीकडून भिंत, वारा बंद. मात्र विहिरीत नेचा आपल्या पायाने आला होता; पेटीत त्याला माणसाने घातला, आणि पेटी जिथे जाईल तिथे तो गेला. नेच्यामागून इतर झाडेही गेली. चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आला तो रॉबर्ट फॉर्च्यूनने पाठविलेल्या अशाच पेट्यांतून. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोनाची, म्हणजे क्विनाइनच्या झाडाची रोपे निलगिरीकडे निघाली तीही अशाच पेट्यांतून. आपल्याकडे महाबळेश्वरात लिंगमळ्याला १८६५ च्या सुमारास सरकारने सिंकोनाचा मळा घातला होता. तो काही वर्षांतच फसला. लिंगमळ्याचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. एका डॉक्टराच्या नेच्याच्या छंदातून निघालेल्या पेटीने साम्राज्याच्या अर्थशास्त्राला हात दिला, आणि त्या अर्थशास्त्राने कोणाची जमीन कोणत्या पिकाखाली आणली हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि नेच्याचे अक्षरशः वेड पसरले. चार्ल्स किंग्जली याने १८५५ साली या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. बायकामुलांपासून पाद्र्यांपर्यंत सगळे डोंगरदऱ्यांतून नेचे उपटून आणू लागले. दिवाणखान्यात काचपेटी, पुस्तकात दाबलेली पाने, चिनीमातीच्या बशीवर नेच्याचे चित्र. काही दुर्मिळ जाती त्या बेटावरच्या कित्येक ठिकाणांहून या प्रेमापोटीच नाहीशा झाल्या. प्रेमाने एखादी गोष्ट संपविता येते याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि त्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

हेच वेड घेऊन इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे हिंदुस्थानात आली. लष्करातून वनखात्यात गेलेल्या रिचर्ड हेन्री बेडोम याने दक्षिण हिंदुस्थानच्या नेच्यांवरचा चित्रमय ग्रंथ १८६३-६४ मध्ये काढला आणि १८८३ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या नेच्यांचे हातपुस्तक लिहिले. मुंबई इलाख्याच्या नेच्यांवरचा स्वतंत्र ग्रंथ यायला मात्र १९२२ साल उजाडले. तो झेवियर कॉलेजातले स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी द’आल्मेदा यांनी लिहिला, आणि सह्याद्रीतले नेचे ओळखू पाहणाऱ्याला तो पुढे कित्येक वर्षे सोबत करीत राहिला.

पुस्तके झाली, पण पुण्यासारख्या ठिकाणी मोठे नेचे जगवायचे म्हणजे पाणी हवे, आणि बारा महिने हवे. हे पाणी आले खडकवासल्याहून. १८६९ साली सुरू झालेले ते धरण १८७९ साली पुरे झाले. त्याचा उजवा कालवा पुण्याच्या छावणीच्या बाजूने हडपसरकडे आणि तिथून दौंड तालुक्यात पाटसच्या दिशेला गेला. इतिहासकार या कालव्याचा विचार उसासाठी करतात. आम्हांस या ठिकाणी तो बागांसाठी करावयाचा आहे. छावणीतल्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत कुंड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या या पाण्यावर. पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था १८३० सालची. तिच्याकडे १८९२ साली पुण्याची एम्प्रेस गार्डन आली आणि आजही ती बाग त्याच संस्थेकडे आहे. दुसऱ्या टोकाला गणेशखिंडीची वनस्पती-बाग १८७३ साली निघाली. तिथले अधीक्षक मार्शल वुड्रो यांचे हिंदुस्थानातल्या बागकामावरचे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आवृत्तीमागून आवृत्ती निघावी इतके खपत होते. गणेशखिंडीच्या या बागेला २०२० साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

येथे एक गंमत झाली. इंग्लंडात नेच्यासाठी काचघर बांधतात ते ऊब कोंडण्यासाठी. पुण्यात काचघर बांधले तर वैशाखात आतली झाडे शिजून निघतील. म्हणून येथे निराळे घर तयार झाले: लाकडी किंवा बांबूची जाळी, वर गवताचे विरळ छप्पर, बाजूंनी वेल, खाली ओली वाळू, आणि दिवसातून दोनतीनदा जमिनीवर पाण्याचा सडा. साहेबाच्या पुस्तकात हे काहीतरी नवे म्हणून येते. परंतु ज्याने आपला पानमळा पाहिला आहे त्याला यात नवे काय दिसणार? शेवरी-शेवग्याच्या दाट सावलीत, भोवती वाराविरोधी कूड घालून, पाटाचे पाणी सदैव खेळते ठेवून नागवेल पिकविणाऱ्या शेतकऱ्याला ओली हवा अडविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. उन्हाळ्यात दाराला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारण्याची रीतही आपल्याकडची जुनीच. साहेबाने नेचा आणला, पेटी आणली, नाव आणले. त्याला दख्खनच्या उन्हात जगविले ते मराठी माळ्यांनी, आणि पाणी वाहून आणणाऱ्या भिस्त्यांनी. नेच्यांच्या जातींना लागलेली इंग्रज अधिकाऱ्यांची नावे आजही शास्त्रात आहेत. माळ्यांची नावे इतिहासाने फारशी जपली नाहीत.

एवढे होऊनही नेचा धनिकांच्या बागेत आणि बंगल्यातच राहिला असता. तो मध्यम स्थितीतल्या माणसाच्या खिडकीत आला तो एका अपघाताने. अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनजवळच्या एका फुलवाल्याकडे १८९४ साली नेफ्रोलेपिस जातीच्या नेच्यांचा माल गेला. त्यांतले एक रोप इतरांहून वेगळे निघाले: पाने ताठ उभी न राहता कमानीसारखी खाली झुकलेली, वाढ जोमदार आणि घरातली कोरडी हवा सोसण्याची ताकद पुष्कळ अधिक. हाच बोस्टन नेचा. हा धावत्या कोंबांनी स्वतःची पिल्ले काढतो, त्यामुळे बीजुकांची कटकट नाही; एका कुंडीच्या दहा होतात. पुढे १९७० नंतर ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची पद्धत ज्या पहिल्या काही शोभेच्या झाडांना व्यापारी प्रमाणावर लागू झाली त्यांत बोस्टन नेचा होता. बाटलीत पुन्हा नेचा! वॉर्डच्या बाटलीत एक उगवला होता. प्रयोगशाळेच्या बाटल्यांतून लाखांनी निघू लागले. आज उरुळी कांचनच्या परिसरातल्या रोपवाटिकांतून तो घ्यायला फार पैसे पडत नाहीत, आणि शिरूर-रांजणगावच्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत, मंगल कार्यालयांत तो टांगलेला दिसतो तो या स्वस्ताईमुळे.

तिथे तो बहुधा वर्षभरही टिकत नाही. वातानुकूलित खोलीतली हवा थंड असते, पण कोरडी असते, आणि लोक थंडपणालाच ओलावा समजतात. झाड वाळले की नवे आणतात. ‘घरातली हवा शुद्ध करणारे झाड’ म्हणून विकत घेणारेही पुष्कळ. या समजुतीचा उगम १९८९ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी झालेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडून पाहिले तेव्हा निघाले ते असे की, खिडकी उघडून जेवढी हवा बदलते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी. नेचा त्याच्या पानासाठी ठेवावा.

स्वस्त बोस्टन नेच्याबद्दल आमची तक्रार नाही. उलट तो बाटलीत वाढतो म्हणून रान वाचते. तक्रार आहे ती दुसऱ्या प्रकाराबद्दल. पावसाळ्यात घाटात सहलीला जायचे आणि परत येताना झाडाच्या खोडावरून, दरडीवरून मोठे नेचे उपटून गाडीत घालायचे, हा प्रकार आमच्या सुशिक्षित मंडळींतही आहे. इंग्लंडातली ती जुनी हकीकत वर सांगितली ती याचसाठी. घाटातून काढलेला नेचा देशावर आला की आषाढ-श्रावणात तग धरतो, कार्तिकात मलूल होतो आणि होळीपर्यंत संपतो. पुढच्या पावसाळ्यात दुसरा आणतात. वृक्षनेच्यांची स्थिती याहून नाजूक. माणसापेक्षा उंच वाढणाऱ्या या झाडांचे तंतुमय खोड कापून त्याचे तुकडे ऑर्किड वाढविण्यासाठी विकले जात. आणि एक खोड तयार व्हायला पुष्कळ वर्षे लागतात. सायथिया कुळातले वृक्षनेचे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत गेले, आणि भारतातूनही रानातले वृक्षनेचे बाहेर पाठविण्यास बंदी आहे. कायदा सरहद्दीवर पाहतो. घाटातून निघालेल्या गाडीच्या डिकीत कोण पाहणार?

आता कोणी विचारील की ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, जिथे १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून आहेत, तिथे या शोभेच्या पाल्याला पाणी घालणे बरे दिसते का? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून नेच्याच्या जोपासनेवर बोलणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. मोठ्या कुंडीतला भरदार बोस्टन नेचा वैशाखात दिवसाला लिटरभर पाणी सहज पितो. अशा चार कुंड्या म्हणजे एका माणसाचे पिण्याचे पाणी. म्हणून आमचे मत असे की देशावरच्या घरात नेच्यासाठी वेगळे पाणी काढू नये. जिथे पाणी आधीच सांडते, झिरपते किंवा वाफ होते तिथे नेच्याला न्यावे. पूर्वी अळूची जागा मोरीच्या पाण्यावर होती ती याच न्यायाने. तांदूळ-डाळ धुतल्याचे पाणी, भाजी धुतल्याचे पाणी नेच्याला चालते. साबणाचे आणि मिठाचे चालत नाही.

गावाच्या नावात जो रांजण आहे, तो तर या कामी फारच उपयोगाचा. नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो. मातीचा रांजण पाझरतो, आणि त्या पाझराच्या वाफेने पाणी गार राहते. म्हणजे रांजणाच्या भोवती हातभर अंतरात घरातली सर्वांत ओली हवा असते. रांजणाची तिवई थोडी उंच करून तिच्याखाली, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या उजेडात नेचा ठेवला तर त्याला थेंब आणि वाफ दोन्ही मिळतात. रांजण नसेल तर कुंडीत कुंडी ठेवावी: लहान मातीची कुंडी मोठ्या कुंडीत बसवून मधल्या फटीत वाळू भरावी आणि पाणी वाळूत घालावे. मुळाशी चिखल होत नाही आणि भोवतालची हवा ओली राहते. खाली विटेचे तुकडे, वर पालापाचोळ्याचे कुजके खत, नारळाच्या काथ्याचे तुकडे आणि थोडा कोळसा. नुसती काळी माती कधीही घालू नये, ती आवळते आणि मुळे गुदमरतात. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुधा जड असते. पानांवर पांढरे डाग आणि कुंडीच्या काठावर खार दिसू लागला की पावसाचे साठविलेले पाणी अधूनमधून भरपूर घालून खार धुऊन काढावा. विहिरीतला हंसराज चुनखडीच्या पाण्याला सरावलेला असतो, रानातले मोठे नेचे तितके नसतात.

जातीजातीत फरक आहे. पक्ष्याच्या घरट्यासारखा गोल पसरणारा अस्प्लेनियम हा मोठ्या घरासाठी देखणा; त्याच्या मधल्या पोकळीत पाणी साचू दिले तर गाभा कुजतो, म्हणून पाणी कडेने घालावे. सांबराच्या शिंगांसारखी पाने असलेला प्लॅटिसेरियम फळीवर काथ्यात बांधून टांगतात. त्याची तळाची ढालीसारखी पाने तपकिरी होतात ती मेलेली समजून सोलून काढू नयेत, मुळे त्यांच्याच आडोशाला असतात. बोस्टन नेच्याची पाने कोरड्या हवेत गळतात तेव्हा घाबरून अधिक पाणी घालण्यापेक्षा त्याला न्हाणीघरातल्या खिडकीत हलवावे.

परंतु देशावरच्या माणसाने एकच मोठा नेचा ठेवायचा म्हटले तर आम्ही बाशिंगाची शिफारस करू. सह्याद्रीत आंब्या-उंबरांच्या खोडांवर आणि कातळांवर हा वाढतो. कोकणात याला वांदरबाशिंग म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. याची पाने दोन तऱ्हेची. एक लहान, लवकर वाळून बाशिंगाच्या पट्टीसारखी उभी राहणारी. ती पडणारा पाचोळा अडवून झाडाचे खत झाडापाशीच गोळा करतात. दुसरी हिरवी, खोल कातरलेली, हात-दीड हात लांब. या नेच्याची खुबी अशी की तो दुष्काळाशी झगडत नाही. पाऊस सरला की हिरवी पाने टाकून देतो आणि केसाळ, जाड मुळखोडात जीव धरून कोरडा काळ झोपून काढतो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याला आठवड्यातून एकदा ओलसर केले तरी पुरते, आणि टँकरच्या दिवसांत त्याच्यावरून घरात भांडण होत नाही. त्याचे रोप रानातून आणण्याचे कारण नाही. ज्याच्या बागेत तो आहे त्याच्याकडून वीतभर मुळखोड मागून घ्यावे, काथ्यात गुंडाळून आंब्याच्या फांदीला किंवा लाकडाच्या ओंडक्याला सुतळीने बांधावे, आणि ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की पागोळीखाली टांगावे. पंधरा-वीस दिवसांत केसाळ मुळखोडावर घट्ट वळलेली पहिली मूठ दिसू लागते. ती उलगडेपर्यंत हात लावू नये; कोवळी असताना ती फार सहज मोडते.